पटावर नसलेली नावं

४ डिसेंबर १८६५, सोमवार. वॉशिंग्टनला अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात सभागृहाचा क्लार्क एडवर्ड मॅकफर्सन हजेरी घ्यायला उभा राहिला. यादवी युद्ध संपून जेमतेम आठ महिने झाले होते. दक्षिणेतल्या हरलेल्या राज्यांनी घाईघाईने निवडणुका उरकून आपले प्रतिनिधी पाठवले होते. प्रमाणपत्रं खिशात घालून ते सभागृहात हजर होते. मॅकफर्सन एकेका राज्याचं नाव घेत पुढे सरकत होता, आणि दक्षिणेतल्या त्या राज्यांची नावं त्याच्या ओठांवर येत नव्हती.

टेनेसीचा होरेस मेनार्ड उठला. हा साधा मोहरा नव्हता. युद्धाची चारही वर्षं तो संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला, शिवाय राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनच्याच राज्याचा. त्याला बाहेर ठेवता आलं तर कुणालाही ठेवता येणार होतं, आणि त्याला आत घेतलं तर बाकीच्यांसाठी दार किलकिलं होणार होतं. मॅकफर्सनने त्याला बोलूच दिलं नाही. ज्याचं नाव पटावर नाही, त्याला बोलायचा अधिकार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. न्यू यॉर्कच्या जेम्स ब्रूक्सने डेमोक्रॅट पक्षाच्या वतीने हरकत घेतली, पण उपयोग झाला नाही.

ही खेळी किती नेमकी होती ते कळायला तिथली पद्धत समजून घ्यावी लागते. क्लार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलामागचा कारकून येतो. तिथे मात्र सभागृहाचा क्लार्क हा मुख्य अधिकारी. जुन्या सभागृहाची मुदत संपते आणि नवं सभागृह सभापती निवडेपर्यंत खऱ्या अर्थाने अस्तित्वातच येत नाही. या मधल्या पोकळीत जुन्या सभागृहाचा क्लार्कच काय तो जागेवर असतो. तो पट तयार करतो आणि पटावरचेच सदस्य सभापती निवडतात. ज्याचं नाव गाळलं त्याने दाद मागायची तर सभागृहाकडे, पण सभागृह म्हणजे कोण? पटावरचे! १८६३ च्या मार्चमधल्या कायद्याने क्लार्कच्या हाती हा अधिकार आणखी स्पष्टपणे दिला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एमर्सन एथरिज या तेव्हाच्या क्लार्कने हेच हत्यार उलट दिशेने चालवून रिपब्लिकनांची नावं गाळायचा प्रयत्न केला होता. तो फसला. दोन वर्षांनी मात्र तेच हत्यार फसलं नाही, कारण या वेळी आखणी करणारा माणूस वेगळा होता.

तो समोरच्या बाकांवर बसला होता. वय ७३, एक पाय जन्मापासून वाकडा, डोक्यावर केसांचा टोप, चेहरा आजाराने ओढलेला. थॅडियस स्टीव्हन्स, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचा रिपब्लिकन प्रतिनिधी. मॅकफर्सन त्याच्याच तालमीतला, गेटिसबर्गचा. गेटिसबर्गच्या लढाईला पहिल्या दिवशी जिथे तोंड लागलं, ते शेत याच मॅकफर्सनच्या मालकीचं. सभापतिपदी स्कायलर कोलफॅक्सची निवड झाली आणि लगेच स्टीव्हन्सने ठराव मांडला: ९ प्रतिनिधी आणि ६ सिनेटर अशी १५ जणांची संयुक्त समिती नेमावी, आणि दक्षिणेतल्या राज्यांना परत घ्यायचं की नाही ते तिच्या अहवालावर ठरावं.

स्टीव्हन्सबद्दल लिहिणारे बहुतेकजण त्याच्या जिभेबद्दल लिहितात. ती धारदार होती, खरं आहे. पण आयुष्यभर त्याने जे केलं त्याच्या मुळाशी जीभ नव्हती, पट होता. यादीत कोण, यादीबाहेर कोण, यादीतल्या माणसाची गणती पूर्ण की अर्धवट, याकडे सतत लक्ष ठेवणारा तो माणूस होता. न्यायाची मोठी भाषा बोलणारे त्या सभागृहात पुष्कळ होते. ती भाषा शेवटी कुठल्या तरी रजिस्टरच्या रकान्यात उतरते, हे त्याच्याइतकं पक्कं फार थोड्यांना ठाऊक होतं.

दक्षिणेला त्या दिवशी थेट आत घेतलं असतं तर काय झालं असतं, त्याचं गणित बघा. मूळ राज्यघटनेनुसार प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीनपंचमांश धरला जाई. १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ३९,५३,७६०. म्हणजे त्यातले दोनपंचमांश, सुमारे १५ लाख ८१ हजार, हिशेबात धरलेच नव्हते. गुलामगिरी रद्द झाली की तीनपंचमांशाचं कलम आपोआप मेलं आणि हे सगळे पूर्ण माणूस म्हणून मोजले जाणार. एका जागेमागे तेव्हा साधारण १ लाख २७ हजार लोकसंख्या होती. भागाकार केला की बारा-तेरा जागा येतात. म्हणजे ज्यांनी बंड केलं आणि जे हरले, त्यांना शिक्षा तर दूरच, उलट यातल्या बहुतेक जागांची बक्षिसी! आणि ज्यांच्या जिवावर या जागा वाढणार त्या काळ्या माणसांना मताचा अधिकार नाहीच.

१८ डिसेंबरच्या भाषणात स्टीव्हन्सने हेच आकडे सभागृहापुढे ठेवले. जुन्या गुलामीच्या राज्यांना ७० च्या जागी ८३ प्रतिनिधी मिळतील. उत्तरेतून निवडून येणारे डेमोक्रॅट त्यांना मिळाले की काँग्रेस कायमची त्यांची. ज्यांना मताचा अधिकार नाही त्यांची गणतीही बंद केली, तर सुमारे ३७ जागा कमी होऊन ४६ उरतील. बोट मोडून दाखवावं तसा हिशेब त्याने मांडला. चौदाव्या घटनादुरुस्तीचं दुसरं कलम या वजाबाकीतून आलेलं आहे.

हे शहाणपण त्याला कुठून आलं, याचं एक उत्तर त्याच्या गरिबीत आहे. व्हरमाँटमधल्या डॅनव्हिल गावी ४ एप्रिल १७९२ ला जन्म. बाप घर सोडून गेलेला. आई सारा हिने चार मुलगे एकटीने वाढवले आणि शाळेसाठी बिऱ्हाड पीचम गावी हलवलं. या मुलाचा पाय अधू, शेतीची कामं जमणार नाहीत, तेव्हा शिकायलाच हवं, एवढं तिने ओळखलं. त्याने डार्टमथमधून १८१४ साली पदवी घेतली, मग पेनसिल्व्हेनियात येऊन मास्तरकी केली आणि वकिली सुरू केली. आईबद्दल तो आयुष्यभर हळवा राहिला.

दुसरं उत्तर मात्र सांगायला जड जातं. १८२१ साली त्याने एका गुलाम-मालकाचं वकीलपत्र घेतलं. चॅरिटी बटलर या बाईचं म्हणणं होतं, की आपण मुक्त आहोत. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार बाहेरच्या राज्यातला गुलाम तिथे सहा महिने राहिला की मुक्त होई. तिच्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांवर जात होती. स्टीव्हन्सने युक्तिवाद केला की कायद्याला सलग सहा महिने अभिप्रेत आहेत, तुकड्यातुकड्यांची बेरीज चालणार नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामीत परत गेली.

पुढे तो हे खटले उलट बाजूने लढला, पळून आलेल्यांची बाजू फुकट मांडली, आणि १८२३ च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर सभेत त्याने इच्छा व्यक्त केली की पुढचा राष्ट्राध्यक्ष कधीही कुणा गुलामाला बेड्या न ठोकलेला असावा. पण चॅरिटीचे दिवस मोजणारा वकीलही तोच होता, हे झाकायचं कारण नाही. दिवस कसे मोजायचे एवढ्या एका मुद्द्यावर माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे होतं, हे त्याने आधी चुकीच्या बाजूला उभं राहून शिकून घेतलं.

आता शाळा. स्टीव्हन्सच्या कारकिर्दीत मला सगळ्यांत निखळ वाटतो तो हा भाग.

पेनसिल्व्हेनियात १८०९ पासून गरिबांच्या मुलांसाठी कायदा होता. तो चालायचा असा: कर-आकारणी करणारा अधिकारी घरोघर फिरे आणि फी परवडत नसलेल्या आईबापांच्या मुलांची यादी करी. यादीतल्या मुलांची फी सरकारी पैशातून भरली जाई. कागदावर चांगली वाटणारी ही सोय गावात मात्र डाग होऊन बसली. ‘आम्ही कंगाल आहोत’ असं सरकारदरबारी लिहून दिल्याशिवाय मूल शाळेत जाणार नाही. शाळेत तर कोण फी भरून आलंय आणि कोण यादीतून आलंय, हे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत. मानी आईबापांनी मुलांना घरीच ठेवलं. पैसे होते, शाळा होत्या, मुलं येत नव्हती.

१ एप्रिल १८३४ ला गव्हर्नर जॉर्ज वुल्फने सार्वत्रिक मोफत शाळांच्या कायद्यावर सही केली. शाळा सगळ्यांसाठी, खर्च सगळ्यांच्या करातून, श्रीमंत-गरीब अशी यादीच नाही. पण एक सवलत ठेवली होती: प्रत्येक शाळा-विभागाने मत घेऊन ही पद्धत स्वीकारायची की नाही ते ठरवावं. त्यामुळे भांडण गावोगाव पोचलं. ज्याला मुलंबाळं नाहीत तो म्हणे मी कर का भरू. ज्याने पैसे खर्चून आपली मुलं शिकवली तो म्हणे आता दुसऱ्यांचीही मीच का शिकवू. जर्मन वस्त्यांमध्ये चर्चच्या शाळा होत्या, त्यांना आपली भाषा आणि धर्म जाण्याची भीती. पुढच्याच निवडणुकीत विरोधकांची लाट आली. १८३५ च्या वसंतात राज्याच्या सिनेटने कायदा रद्द करायचा ठराव १९ विरुद्ध ११ ने मंजूर केला, आणि खालचं सभागृहही तेच करणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारांचा कौलही रद्द करण्याकडेच होता.

११ एप्रिलला तो बोलायला उठला. रद्द करण्याच्या विधेयकात जुनी यादीची पद्धत परत आणायची होती. त्याने तिथेच बोट ठेवलं. म्हणाला, या विधेयकाचं नाव बदला. ‘गरिबांना डाग देऊन खूण करण्याचा कायदा’ असं ठेवा. मग तो कराकडे वळला. ज्याच्यावर कधी खटला होणार नाही तो माणूसही तुरुंग आणि न्यायालयासाठी कर भरतोच ना? मग गुन्हा घडूच नये म्हणून शाळेला कर द्यायला हरकत कसली? आणि मुलं नसलेल्या माणसालाही शिकलेल्या समाजात राहण्याचा फायदा मिळतोच. भाषण संपलं तेव्हा सभागृह फिरलं होतं. कायदा वाचला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे १८८२ ची हंटर आयोगापुढची जोतीरावांची साक्ष आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथला पेच उलटा होता. सरकारी महसूल भरणारी रयत आणि त्यातून शिकणारी वरच्या वर्गाची मुलं. पेनसिल्व्हेनियातले धनिक म्हणत, आमच्या पैशाने गरिबाचं पोर का शिकावं. पुण्यात जोतीराव विचारत, गरिबाच्या पैशाने दुसऱ्याचंच पोर का शिकतंय. दोन्हीकडे प्रश्न कर कोण भरतं आणि पटावर कुणाचं नाव येतं हाच.

स्टीव्हन्सचं राज्यातलं सगळंच राजकारण असं उजळ नव्हतं. १८३८ साली फिलाडेल्फिया परगण्यातल्या निकालांच्या दोन वेगवेगळ्या याद्या राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला आल्या. सरकारचा सचिव टॉमस बरोज याने आपल्या पक्षाच्या सोयीची यादी ग्राह्य धरली आणि स्टीव्हन्स त्याच्या पाठीशी होता. एका सभागृहात दोन सभापती निवडले गेले. संतापलेला जमाव आत घुसला आणि स्टीव्हन्स, बरोज व सिनेटचा सभापती पेनरोज यांनी मागच्या खिडकीतून उडी मारून जीव वाचवला. बंदोबस्ताला बोलावलेल्या शिपायांना बकशॉट म्हणजे छर्ऱ्यांची काडतुसं दिली होती, म्हणून या प्रकरणाला ‘बकशॉट वॉर’ नाव पडलं. डाव शेवटी स्टीव्हन्सच्या बाजूवर उलटला. ही घटना ४ डिसेंबरची, मॅकफर्सनच्या हजेरीच्या बरोबर सत्तावीस वर्षं आधीची. यादी ज्याच्या हाती त्याच्या हाती सभागृह, पण यादीमागे बहुमत नसेल तर खिडकीतून उडी मारावी लागते. १८६५ साली त्याने आधी पक्षाच्या बैठकीत बहुमत पक्कं केलं, मगच हजेरी घेतली गेली.

त्याच काळात पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना होत होती. तिच्यात मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द घातला गेला, तोवर मत देत आलेली काळी माणसं एका शब्दाने यादीबाहेर गेली. स्टीव्हन्स त्या घटना-परिषदेचा सदस्य होता. त्याने घटनेवर सही केली नाही.

वॉशिंग्टनला तो १८४९ साली पोचला, मध्ये सहा वर्षं बाहेर राहून १८५९ ला परतला, आणि जुलै १८६१ पासून वेज अँड मीन्स समितीचा अध्यक्ष झाला. कर, कर्ज आणि खर्च, तिन्ही तेव्हा याच एका समितीकडे. म्हणजे लिंकनच्या युद्धाची थैली याच्या हातात. १८६१ च्या डिसेंबरअखेर बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि सरकारकडे सैनिकांचा पगार द्यायला नाणं उरलं नाही. त्यातून २५ फेब्रुवारी १८६२ चा कायदा आला: १५ कोटी डॉलरच्या कागदी नोटा, मागे हिरवी छपाई म्हणून ग्रीनबॅक, आणि देणं फेडताना त्या नाकारता येणार नाहीत.

इथे एक मेख आहे. सिनेटने विधेयकात बदल केला: आयातकर सोन्यातच भरायचा आणि सरकारी रोख्यांचं व्याजही सोन्यातच द्यायचं. स्टीव्हन्स कडाडून विरोधात होता. सैनिकाला कागद आणि सावकाराला सोनं, अशी दोन चलनं एका देशात चालवली तर कागद घसरणारच, हे त्याचं म्हणणं. तडजोडीत त्याला हार पत्करावी लागली. जुलै १८६४ मध्ये १०० डॉलरच्या सोन्याला सुमारे २८५ डॉलरच्या नोटा मोजाव्या लागल्या. घसरणीला युद्धातल्या पराभवांच्या बातम्या आणि पुढे छापलेल्या आणखी नोटाही कारण होत्या, त्यामुळे सगळा दोष त्या एका दुरुस्तीवर टाकता येत नाही. त्याने स्वतः काढलेला उपाय तर आणखी कच्चा होता. डिसेंबर १८६४ मध्ये त्याने सोन्याला नोटांमध्ये चढा भाव देणंच गुन्हा ठरवणारं विधेयक आणलं. भाव कायद्याने बांधता येत नाही, हे सभागृहाने ओळखलं आणि विधेयक बाजूला ठेवलं.

युद्धाची झळ त्याला थेटही बसली. गेटिसबर्ग आणि चेंबर्सबर्गच्या मधल्या डोंगरात त्याचा लोखंडाचा कारखाना होता, नाव कॅलिडोनिया, व्हरमाँटमधल्या आपल्या परगण्यावरून ठेवलेलं. लाकडी कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी यांवर चालणारी जुन्या पद्धतीची भट्टी. दगडी कोळशाच्या भट्ट्यांपुढे ती कधी फायद्यात आली नाही, त्याला कर्जातच घालत राहिली, तरी त्या खोऱ्यातली कुटुंबं तिच्यावर जगत म्हणून त्याने ती बंद केली नाही. २६ जून १८६३ ला दक्षिणेच्या सैन्यातल्या जनरल जुबल अर्लीने ती जाळली. खाजगी मालमत्तेला हात लावू नये असा सेनापती लीचा हुकूम असतानाही जाळली, कारण मालक स्टीव्हन्स होता. बातमी आल्यावर त्याने काळजी केली ती रोजगार गेलेल्या कामगारांची.

त्याच्या सगळ्या कामात माझं मन अडतं ते ६ सप्टेंबर १८६५ च्या लँकेस्टरच्या भाषणापाशी. तिथे त्याने जमिनीचा हिशेब मांडला. बंडखोर राज्यांतली एकूण जमीन साडेशेचाळीस कोटी एकर. त्यातली ३९ कोटी ४० लाख एकर राज्य सरकारांच्या आणि सुमारे ७० हजार बड्या जमीनदारांच्या हातात, म्हणजे ज्यांच्याकडे २०० एकरांवर जमीन किंवा १० हजार डॉलरवर मालमत्ता आहे अशांच्या. ती जप्त करा. मुक्त झालेले प्रौढ पुरुष दहा लाख धरा. प्रत्येकी ४० एकर दिले तर ४ कोटी एकर लागतील. उरलेली ३५ कोटी ४० लाख एकर दहा डॉलर एकराने विका, ३ अब्ज ५४ कोटी डॉलर येतील. त्यातून सैनिकांची पेन्शन, संघराज्याशी इमानी राहिलेल्यांची नुकसानभरपाई, आणि बाकीचे राष्ट्रीय कर्ज फेडायला. लहान शेतकऱ्याला धक्का नाही.

जमीन कसणाऱ्याला माहीत असतं की मोकळं सोडणं आणि उभं करणं यात फरक असतो. बैल नाही, बी नाही, बांध नाही, आणि ज्याच्या शेतावर काल चाबूक खाल्ला त्याच्याच दारात आज मजुरी मागायची, याला सुटका म्हणणं स्टीव्हन्सला मान्य नव्हतं.

हिशेबात दोन कच्चे दुवे होते. पस्तीस कोटी एकर एकदम बाजारात आले तर दहा डॉलरचा भाव टिकणार कसा, आणि युद्धाने कंगाल झालेल्या मुलखात घेणार कोण? दुसरा दुवा घटनेतला. देशद्रोहासाठी झालेली जप्ती गुन्हेगाराच्या हयातीपुरतीच असू शकते, असं घटना सांगते. १८६२ च्या जप्तीच्या कायद्यालाही लिंकनच्या आग्रहाने हीच मर्यादा घातली गेली होती. स्टीव्हन्सचं उत्तर असं की ही राज्यं आता जिंकलेला परका मुलूख आहेत, तिथे घटना नव्हे, युद्धाचा कायदा चालेल. हे म्हणणं त्याच्या पक्षातल्या बहुतेकांनाही पचलं नाही.

पण योजना हिशेबामुळे पडली नाही. खाजगी मालकीला हात लावायला उत्तरेतले रिपब्लिकनही धजले नाहीत. आज दक्षिणेतल्या मळेवाल्याची जमीन घेतली तर उद्या आपल्या गिरणीवर कुणी हक्क सांगेल ही धास्ती. इकडे जॉन्सन मे १८६५ पासून बंडखोरांना माफी देत सुटला होता, आणि माफीबरोबर जमिनीही परत जात होत्या. जनरल शर्मनने जानेवारीत किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात जी कुटुंबं ४०-४० एकरांवर बसवली होती, तीही उठवली गेली. फेब्रुवारी १८६६ मध्ये स्टीव्हन्सने जमीनवाटपाची दुरुस्ती मतदानाला आणली. बाजूने ३७, विरोधात १२६. मार्च १८६७ मध्ये त्याने पुन्हा विधेयक आणलं, ते पुढे सरकलंच नाही. त्यानंतर दक्षिणेत जे पसरलं ते वाट्याने शेती: जमीन मालकाची, बी-बियाणं दुकानदाराच्या उधारीवर, आणि पीक निघालं की सगळं फिटून हातात शून्य. तीन पिढ्या त्यात गेल्या. बाकीच्या सगळ्या अपयशांपेक्षा मला हे ३७ विरुद्ध १२६ जास्त टोचतं.

चौदावी घटनादुरुस्ती त्याला हवी तशी झाली नाही. काळ्या पुरुषांना मताचा अधिकार थेट द्यायला बहुमत नव्हतं, म्हणून ती वजाबाकी आली: मत नाकाराल तर त्या प्रमाणात जागा गमवाल. कलमात ‘पुरुष’ हा शब्द घटनेत पहिल्यांदाच शिरला आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांच्या जिव्हारी लागला, तो राग रास्त होता. शिवाय वजाबाकी करणार कोण, कधी, कुठल्या आकड्यांवरून, हे कलमाने सांगितलं नाही. परिणाम असा की पुढे दक्षिणेने लाखो मतदार यादीतून उडवले तरी एकदाही, एकाही राज्याची जागा कापली गेली नाही. ज्या कलमावर स्टीव्हन्सची भिस्त होती ते मेलं. टिकलं ते पहिलं कलम, कायद्याचं समान संरक्षण देणारं. त्याचे शब्द आज आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये आहेत.

१३ जून १८६६ ला अंतिम मतदानाआधी तो म्हणाला, की सगळी विषमता धुऊन काढणारी संधी एकदा येईल असं आयुष्यभर स्वप्न पाहिलं, ते विरलं. आता पडक्या वाड्याच्या सगळ्यांत वाईट भागाला ठिगळं लावण्यावर समाधान मानायचं. मग असलं अपुरं का स्वीकारतोस? ‘कारण मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो.’

महाभियोगाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. फेब्रुवारी १८६८ मध्ये जॉन्सनने युद्धमंत्री स्टँटनला काढलं, सभागृहाने १२६ विरुद्ध ४७ ने महाभियोग लावला. अकरावं आरोपकलम स्टीव्हन्सचं. तोवर त्याला खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागे. २७ एप्रिलला सिनेटपुढे भाषण वाचताना आवाज गेला आणि उरलेलं त्याचा सहकारी प्रतिनिधी बेंजामिन बटलर याने वाचलं. १६ मे रोजी ३५ विरुद्ध १९, दोनतृतीयांशाला एक मत कमी, म्हणून जॉन्सन सुटला.

लँकेस्टरच्या साऊथ क्वीन स्ट्रीटवरच्या त्याच्या घराचा कारभार वीस वर्षं लिडिया हॅमिल्टन स्मिथ यांनी पाहिला. विधवा, मिश्र वंशाच्या, हिशेबाला पक्क्या. पुढे त्यांनी स्वतःची घरं-दुकानं घेतली. त्यांच्या नात्यावरून विरोधकांनी लिहायचं ते सगळं लिहिलं. घरात मात्र एक नियम होता: पाहुणे असोत की नातेवाईक, त्यांना ‘मिसेस स्मिथ’ म्हणायचं. काळ्या बाईला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारण्याच्या काळात हे लहान नव्हतं. २००२-०३ मध्ये त्या घराच्या मागे पुरातत्त्वज्ञांना विटांचा जुना हौद सापडला. त्याच्या भिंतीला भोक पाडून शेजारच्या इमारतीकडे वाट काढलेली होती. पळून आलेल्या गुलामांना तिथे लपवत असावेत, असा त्यांचा कयास आहे. हौद म्हटलं की आपल्याला पुण्यातला आठवतो, जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी उघडला तो, १८६८ साली. पाच वर्षांनी त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना सोडवल्याबद्दल. स्टीव्हन्सचं नाव तिथे नाही, पण ज्यांना ती अर्पण आहे त्यांच्यात त्याला मोजायला हरकत नसावी.

११ ऑगस्ट १८६८ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये तो गेला. मिसेस स्मिथ आणि पुतण्या उशाशी होते. लँकेस्टरमध्ये त्याने आधी दोन दफनभूमींत जागा घेतली होती. तिथे काळ्यांना पुरत नाहीत हे कळल्यावर खरेदीखतं परत केली आणि श्राइनरच्या लहानशा, सगळ्यांना खुल्या दफनभूमीत जागा घेतली. थडग्यावरचा मजकूर त्याचाच: एकांताची आवड म्हणून इथे विसावलो नाही, इतर ठिकाणच्या नियमांत वंशाची अट होती, जे आयुष्यभर सांगितलं तेच मरणातही दिसावं म्हणून ही जागा निवडली.

मृत्युपत्रात पीचमच्या दफनभूमीसाठी ५०० डॉलर आहेत, आईच्या थडग्याभोवती दर वसंतात गुलाब आणि प्रसन्न फुलं लावण्यासाठी. मिसेस स्मिथ यांना वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी ५ हजार. पुतण्याला वारसा मिळणार तो दारू सोडली तरच. तो अटीत बसला नाही तर पैसा अनाथ मुलांच्या आश्रमाला. पुतण्याला ते जमलं नाही आणि बऱ्याच कोर्टकज्ज्यांनंतर १९०५ साली लँकेस्टरमध्ये शाळा उभी राहिली, ती आज तांत्रिक शिक्षणाचं कॉलेज आहे. आश्रमाची कलमं त्याने बारकाईने लिहून ठेवली होती. वंश किंवा रंग पाहून प्रवेश द्यायचा नाही आणि नाकारायचाही नाही. गरीब जर्मन, आयरिश, मुसलमान, कुणालाच वगळायचं नाही. सगळी मुलं एकाच वर्गात शिकतील. आणि सगळी एकाच टेबलावर जेवतील.